विद्यापीठातील माळरान

हैदराबादच्या पश्चिमेस गच्चीबौली नावाचा जो भाग आहे, त्याचे नाव उच्चारताच आज काचेच्या उंच इमारती आणि संगणकाचा व्यवसाय एवढेच डोळ्यांसमोर उभे राहते. नावाच्या मुळाशी जाऊ गेले तर मात्र निराळेच काही हाती लागते. 'बौली' म्हणजे आपली बावडी, पायऱ्यांची विहीर. आणि 'गच' म्हणजे चुना, हे मराठी माणसास समजावून सांगण्याचे कारण नाही, कारण जुन्या वाड्यांचे वर्णन करताना आपण 'चुनेगच्ची' बांधकाम म्हणतो आणि घरावरची गच्ची तर आपल्या रोजच्या वापरातली. चुन्याने बांधलेल्या एका बावडीवरून या गावास हे नाव मिळाले, असे जाणकार सांगतात. महसुली दप्तरात याच गावाच्या नावाआधी आणखी एक शब्द लागतो : 'कंचा गच्चीबौली'. तेलुगूत 'कंचे' म्हणजे कुंपण, आणि कंचा म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेले कुरण. मराठवाड्यातल्या गावात ज्यास गायरान म्हणतात त्याचेच हे भावंड.

एखाद्या जमिनीस आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो यावर तिचे भवितव्य किती अवलंबून असते, याचा प्रत्यय या कंचाने आम्हांस आणून दिला. भाषेच्या विद्यार्थ्याने वनस्पतींच्या प्रांतात शिरावे हे तसे अनधिकाराचेच. परंतु २०२५ साली या जमिनीवरून जे घडले, त्यात शब्दांचा वाटा इतका मोठा होता, की दसऱ्याच्या सुट्टीत तेथे एकदा जाऊन यावे असे आमच्या मनाने घेतले. रीतसर परवानगी काढून एका सकाळी आम्ही हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात प्रवेश केला. आमच्याबरोबर आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक होते, ते तेलुगू भाषिक. आणि वाट दाखवावयास तेथेच संशोधन करणारी एक विद्यार्थिनी, ती आदिलाबादकडची, घरी मराठी बोलणारी. या तिघांच्या तीन तऱ्हेच्या शब्दसंपत्तीचा आम्हांस पुढे फार उपयोग झाला.

प्रथम विद्यापीठाविषयी थोडे. तेलंगण आणि आंध्र या दोन विभागांतील तंटा मिटविण्यासाठी १९७३ मध्ये जे सहा सूत्रांचे समझोतापत्र तयार झाले, त्यातील एका सूत्रान्वये संसदेने १९७४ साली कायदा करून हे केंद्रीय विद्यापीठ स्थापिले. आरंभीची वर्षे ते शहराच्या मध्यभागी, सरोजिनी नायडूंच्या 'गोल्डन थ्रेशोल्ड' या घरात चालले. मग ते गच्चीबौलीच्या खडकाळ रानात आले. त्या वेळी त्यास सुमारे २३०० एकर जमीन मिळाली, असे सांगितले जाते. पुढे त्यातून निरनिराळ्या संस्थांस व क्रीडासंकुलासारख्या कामांस तुकडे गेले. तरीही जे राहिले ते डोळ्यांत भरण्याजोगे आहे. उस्मानिया विद्यापीठाचे आवार ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा फरक चटकन उमगेल. उस्मानियाच्या कला महाविद्यालयाची ती गुलाबी छटेची भव्य वास्तू १९३९ मध्ये खुली झाली; तेथे इमारत राजा आणि झाडे तिचे मानकरी, अशी रचना आहे. गच्चीबौलीत रान आधीपासून नांदत होते आणि इमारती मागाहून पाहुण्या म्हणून आल्या. त्यांनी बरीचशी जागा सोडली, म्हणून हे रान उरले. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठे मुद्दाम वृक्षोद्याने उभारतात, झाडाझाडास पाट्या लावतात. येथे पाट्या नाहीत, वाफे नाहीत. पण दख्खनच्या कोरड्या रानाचा नमुना पाहावयाचा तर याहून चांगले वृक्षोद्यान शहरात सापडणे कठीण.

आत शिरताच प्रथम भेटतात ते खडक. एकावर एक रचून ठेवल्यासारखे हे प्रचंड गोलटे धोंडे हैदराबादकरांच्या परिचयाचे आहेत. कोणा राक्षसाच्या पोरांनी खेळता खेळता ते मांडले असावेत, असे वाटते. परंतु त्यांची घडण उलट्या क्रमाने झालेली आहे. जमिनीखाली एकसंध असलेल्या ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपले, पाण्याने कडा आणि कोपरे कुजवून गोल केले, आणि नंतर भोवतालची माती लाखो वर्षे वाहून गेल्यावर आतले गोळे जागच्या जागी उघडे पडले. धोंडे कोणी आणले नाहीत. त्यांच्याभोवतीचे सारे निघून गेले. या खडकाचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. आपल्या सह्याद्रीचा आणि मराठवाड्याचा काळा पाषाण त्याच्या मानाने अगदीच तान्हा, साडेसहा कोटी वर्षांचा. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेस, देगलूर-मुखेडच्या बाजूस, काळा पाषाण संपून हा जुना खडक डोके वर काढतो. आमच्यासारखी जी कुटुंबे तिकडून येऊन तीन-चार पिढ्या हैदराबादेत रुजली, त्यांनी येताना एक भूगर्भीय सीमाही ओलांडली होती, हे त्यांच्या गावी नसावे. या परिसरातील छत्रीसारखा दिसणारा एक धोंडा 'मशरूम रॉक' या नावाने शहराच्या संरक्षित वारशांच्या यादीत आहे. खडकास वारसा मानून नियमाचे संरक्षण देणारी शहरे आपल्या देशात फार नसतील. हैदराबादने ते केले, याचे श्रेय त्यास दिले पाहिजे.

खडकांच्या मधून पायवाट जाते. दोन्ही बाजूंस कमरेएवढी झुडुपे, मध्येच एखादे छत्रीसारखे पसरलेले हिवर, काटेरी बोरी, पळसाची खरखरीत पाने, शिंदीचे विस्कटलेले झुबके. उंच, गर्द, सावलीचे असे येथे फार थोडे. ज्याच्या मनात 'अरण्य' म्हणजे कोकणातले किंवा सह्याद्रीच्या घाटातले, त्याची येथे निराशाच होईल. आमच्या सोबतच्या विज्ञान शिक्षकांनी यास तेलुगूत 'चिट्टडवि' असा शब्द असल्याचे सांगितले : झुडुपांचे दाट रान. ('अडवि' हे संस्कृत 'अटवी'चेच रूप, हे ध्यानी येऊन आम्हांस उगाच बरे वाटले.) मग नावांचा खेळच सुरू झाला. आम्ही पळस म्हणावे, त्यांनी मोदुग. आम्ही शिंदी, त्यांनी ईत. आम्ही बोर, त्यांनी रेगु. एका पिवळ्याधमक फुलांच्या झुडुपाशी आल्यावर ती विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हे तरवड. तरोटा वेगळा, तो पावसाळ्यात भाजीला खुडतात." आमचे सहकारी लगोलग म्हणाले, "अहो, हे तर आमचे तंगेडु!"

तरवड आणि तंगेडु एकच, हे कळल्यावर आम्ही क्षणभर थांबलो. मराठी मुलुखात नवरात्रात घट बसतात तेव्हा देवीस रोज नवी माळ चढते, आणि पुष्कळ गावी त्या माळेत तरवडाची फुले असतात. त्याच दिवसांत तेलंगणात घरोघरी बतुकम्मा मांडतात. भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस बायका परातीत फुलांचे थर रचतात, गोलाकार फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी ती फुले तळ्यात सोडतात. त्या थरांत तंगेडुला पहिला मान. त्याच्या जोडीस गुनुगु. गुनुगु म्हणजे आपली कुर्डू, जिची कोवळी पाने आपण भाजीस घेतो. घट आणि बतुकम्मा ही दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच माळावरच्या फुलांनी सजतात. आमच्या शेजारच्या घरी बतुकम्मा आणि आमच्या घरी घट, असे कित्येक वर्षे चालत आले आहे. दोन्हीकडची फुले बाजारातून येत असल्यामुळे ती मुळात कोठे वाढतात याचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नसावा. ही फुले बागेतली नव्हेत, कोणी पेरीत नाही. ती पडीक म्हणविल्या जाणाऱ्या जागेतच उगवतात.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. तेलंगण राज्य निर्माण झाल्यावर २०१४ साली सरकारने राज्याची मानचिन्हे ठरविली. फूल ठरले तंगेडु. वृक्ष ठरला जम्मि, म्हणजे शमी, जिची पाने येथे दसऱ्यास सोने म्हणून देतात. आपण त्या जागी आपटा वापरतो. पक्षी ठरला पालपिट्ट, आपला नीळकंठ, ज्याचे दर्शन दसऱ्यास शुभ मानतात; आणि प्राणी हरिण. फूल, झाड आणि पक्षी ही तिन्ही उघड्या, कोरड्या, विरळ झाडीच्या मुलुखातली. हरिणही अशा रानास लागून चरणारे. ज्याने कोणी ही निवड केली त्याला आपला प्रदेश ठाऊक होता, असेच म्हटले पाहिजे. मात्र त्याच सरकारच्या दुसऱ्या दप्तरात त्याच रानास काय म्हटले जाते, हे आता पाहू.

इंग्रजी अमदानीत आणि निजामाच्या राज्यातही जमिनीची पाहणी झाली ती साऱ्यासाठी. ज्या जमिनीतून सारा येतो ती पिकाऊ. ज्यातून येत नाही ती पडीक, परती, खराबा. या वर्गवारीत लबाडी नव्हती. वसुली कामगाराचा तो हिशेब होता. लबाडी पुढे झाली, वसुलीचा शब्द निसर्गाचे वर्णन म्हणून चालू लागला तेव्हा. देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह उपग्रहांच्या छायाचित्रांवरून तयार होतो, तो करणारी राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था याच हैदराबादेत, बालानगरात आहे. त्या संग्रहात पडीक जमिनीचे जे प्रकार दिले आहेत त्यात क्षारपड जमीन आहे, खाणींनी उकरलेली जमीन आहे, आणि त्यांच्याच पंक्तीस दाट झुडुपांची जमीन, विरळ झुडुपांची जमीन आणि खडकाळ जमीनही आहे. आम्ही ज्या रानातून चालत होतो ते या हिशेबाने तीनही रकान्यांत बसते. माणसाने नासविलेली जमीन आणि निसर्गाने तशीच घडविलेली जमीन या दोहोंस एकच नाव मिळाले, की दोहोंवर एकच उपाय सुचू लागतो. एक तर बांधा, नाही तर झाडे लावा. मराठीने हा अन्याय मुळात केला नव्हता. माळ, माळरान, बरड, मुरमाड, कुरण, गायरान, रमणा, राखण असे किती तरी वेगवेगळे शब्द आपल्या पूर्वजांनी अशा जमिनींस दिले, आणि माळावर राहणाऱ्या पक्ष्यास 'माळढोक' म्हणून त्याचा पत्ता त्याच्या नावातच लिहून ठेवला. आता हे सारे शब्द एका 'पडीक'मध्ये गोळा झाले आहेत.

वाटेत कुसळी गवत लागले आणि आमच्या धोतराची (होय, आम्ही सुट्टीच्या दिवशी अजून धोतर नेसतो) पुरती दैना झाली. कुसळे काढीत बसलो असता त्या मुलीने एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. कोरडेपणी दोरीसारखा पिळलेला त्याचा लांब तंतू पाणी लागताच उलगडू लागला आणि कुसळ तळहातावर गरगर फिरले. रात्रीच्या दवाने पीळ सुटतो, दिवसाच्या उन्हाने पुन्हा बसतो, आणि असे फिरत फिरत ते टोकदार बी स्वतःच जमिनीत शिरते. नांगर नको, पेरणारा नको. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहण्यात आपण इतके पटाईत, पण कुसळाकडे असे कधी पाहिले नव्हते.

पुढे उतारावर पाणी दिसू लागते. या आवारात लहानमोठी तळी आहेत. 'बफेलो लेक' आणि 'पीकॉक लेक' ही त्यांतली नावाजलेली. हैदराबादेत वर्षास आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत. उघड्या खडकावर पडलेला थेंब मुरत नाही, घसरतो. घसरून तो खडकांच्या बेचक्यांत आणि मग गवताच्या मुळांशी येतो, तेथे त्याचा वेग मोडतो, आणि मंदगतीने तो तळ्याकडे सरकतो. म्हणजे तळे हे तळ्यात नसतेच. ते वरच्या उतारावरच्या झुडुपांत आणि गवतात असते. उतार सपाट केला की तळ्यावर कोणी हात न टाकताही तळे आटते. आम्ही काठावर बसलो तेव्हा दोन टिटव्या ओरडत डोक्यावरून गेल्या, पलीकडे एक राखी बगळा ध्यानस्थ होता आणि मोरांचा आवाज तर सारखाच चालू होता. या परिसरात दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. चितळ, रानडुक्कर, साळिंदर, घोरपड आहेत. 'मुरिसिया हैदराबादेन्सिस' या नावाची कोळ्याची एक जात शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रथम वर्णिली ती येथीलच. शहराचे नाव एखाद्या बिर्याणीस मिळते, मोत्यांस मिळते, हे आपणांस ठाऊक आहे. एका इवल्याशा कोळ्यासही ते मिळाले आहे.

खडकांच्या फटींत सीताफळीची झुडुपे जागोजागी आहेत. तेलंगणच्या या खडकाळ भागातील सीताफळे प्रसिद्धच. 'बालानगर' या नावाची जात महबूबनगरकडची. पण सीताफळ मूळचे इकडचे नव्हे. ते अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले, आणि इतके मिसळून गेले, की आपण त्यास थेट सीतामाईचे नाव देऊन मोकळे झालो. मग देशी कोण आणि परके कोण, असा प्रश्न आम्ही केला, तेव्हा त्या मुलीने दिलेले उत्तर आम्हांस आवडले. ती म्हणाली, "कुठून आलं ते पाहायचं नाही, सर. आल्यावर शेजाऱ्याला जगू देतं का ते पाहायचं." सीताफळ खडकाच्या फटीत आपले आपण राहते, त्याचे फळ पाखरे खातात, माणसे खातात, आजूबाजूचे गवत गवताच्या जागी राहते. उलट वेडी बाभूळ पाहावी. तीही अमेरिकेचीच, एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी इकडे मुद्दाम आणली गेली, म्हणून तेलुगूत तिला 'सर्कार तुम्म', सरकारी बाभूळ, म्हणतात. (शमी आणि ही वेडी बाभूळ यांचे नाते जवळचे, हे ऐकून आम्ही चकित झालो. घराण्याघराण्यांतही असे असतेच.) ती जेथे बसते तेथे दुसऱ्या कोणास बसू देत नाही. घाणेरी, गाजर गवत, सुबाभूळ यांचीही तीच तऱ्हा. परमुलुखात येऊन पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस या विवेचनात थोडी गंमत वाटली, आणि थोडे अंतर्मुखही व्हावे लागले.

आता त्या चारशे एकरांविषयी. ही जमीन विद्यापीठाच्या आवारास लागून आहे. २००४ च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने ती एका खासगी क्रीडाकंपनीस दिली. २००६ मध्ये पुढील सरकारने तो व्यवहार रद्द केला. खटला चालला आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात निर्णय सरकारच्या बाजूने लागला. म्हणजे मालकी राज्याची, हे कायद्याने ठरले. या बदल्यात विद्यापीठास गोपनपल्ली येथे जमीन दिली होती, असेही सरकारचे म्हणणे. मग संगणक-उद्योगांसाठी ही जमीन लिलावाने द्यावयाचे ठरले. सरकारची बाजू सर्वस्वी तुच्छतेने झटकण्याजोगी नाही. नोकऱ्या हव्यात, आमच्या शाळेतून बाहेर पडणारी मुले त्याच इमारतींकडे आशेने पाहतात आणि त्यांच्या आईबापांचा घास त्या नोकऱ्यांवर आहे. पण सारा वाद 'जमीन कोणाची' या एकाच प्रश्नावर चालला. 'जमीन कसली' हा प्रश्न कोणी दप्तरात विचारलाच नाही. दप्तरात ती वन नव्हती, आणि जी वन नाही ती रिकामी, असा सरळ हिशेब झाला.

३० मार्च २०२५, उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा. त्या सणाच्या दिवशी यंत्रे आत शिरली. लागोपाठ सुट्ट्या होत्या. रात्री दिव्यांच्या उजेडात काम चालले, विद्यार्थी आडवे गेले, काहींना पोलिसांनी धरून नेले, आणि अंधारात मोरांनी केलेला आक्रोश ध्वनिमुद्रित होऊन देशभर पसरला. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबविले. हे खंडपीठ होते मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांचे, जे पुढे त्याच वर्षी देशाचे सरन्यायाधीश झाले. उच्च न्यायालयाच्या निबंधकांनी त्याच दिवशी जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा सुमारे शंभर एकर रान उद्ध्वस्त झाल्याचे त्यांच्या अहवालात आले. १६ एप्रिलला न्यायालयाने राज्यास सांगितले, की हे शंभर एकर पूर्ववत कसे करणार याची योजना सादर करा.

पूर्ववत करणे ही गोष्ट उच्चारावयास सोपी. तोडलेल्या भागात जाण्याची मुभा नव्हती; विद्यापीठाच्या बाजूने दिसेल तेवढे आम्ही पाहिले. मधे एक पावसाळा होऊन गेला होता आणि लांबून सारे हिरवेच दिसत होते. 'रान परत आले म्हणावयाचे,' असे आम्ही बोलूनही गेलो. तेव्हा त्या मुलीने हिरव्यातला हिरवा वेगळा करून दाखविला. जेथे झुडपे नुसती वरून मोडली होती तेथे पळस, बोर, तरवड यांना बुडातून फुटवे आले होते. कोरड्या रानातली ही झाडे आपली पुंजी जमिनीखाली मुळांत ठेवतात. वणवा, गुरे, कुऱ्हाड यांची त्यांना शेकडो वर्षांची सवय आहे. परंतु यंत्राने जेथे वीतभर माती खरवडून नेली, तेथे मुळेही गेली आणि मातीत निजलेले बीही गेले. तेथले हिरवे होते ते गाजर गवत. दुरून दोन्ही सारखेच.

रान नव्याने घडविण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात झाला. १९३४ साली मॅडिसन गावी त्याचे उद्घाटन झाले. झाडांचा नुसता संग्रह न करता, नांगरापूर्वी ही भूमी कशी होती ते पुन्हा उभे करावे, ही कल्पना आल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे मांडली. जुन्या शेतावर, सत्तर एकरांच्या आसपासच्या तुकड्यात, त्यांनी गवताळ माळ उभा करावयास घेतला. मंदीचे दिवस होते. सरकारने रोजगार म्हणून लावलेल्या तरुणांच्या तुकड्यांनी आसपासच्या उरल्यासुरल्या माळांवरून बी आणि गवताच्या ढेपा आणून लावल्या. काही केल्या परके गवत हटेना. शेवटी ध्यानात आले, की या माळास अधूनमधून आग लागत असे आणि तीच त्याची राखणदार होती. मग ठरवून, जपून, जाळ लावण्याची पद्धत सुरू झाली. आज तो माळ पाहण्यास जगभरचे अभ्यासक जातात. आणि तेथलेच शास्त्रज्ञ सांगतात, की नव्वद वर्षांनंतरही तो मूळच्या माळाच्या बरोबरीस आलेला नाही. गच्चीबौलीत यंत्रांस लागले ते चार-पाच दिवस.

आम्हांस चिंता वाटते ती याच ठिकाणी. आपल्याकडे 'पूर्ववत करणे' याचा अर्थ झाडे लावणे असा झटकन होतो. कन्हैयालाल मुन्शी कृषिमंत्री असताना १९५० मध्ये त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. (हेच मुन्शी १९४८ मध्ये हैदराबादेत भारत सरकारचे एजंट-जनरल म्हणून होते, ही या शहरातील जुन्या मंडळींची आठवण.) हेतू थोर होता, आणि शाळाशाळांतून तो उत्सव आजही साजरा होतो. पण रोपे कोणती येतात? गुलमोहर, तो मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष, तो दक्षिण अमेरिकेचा. भराभर वाढणारे, छायाचित्रात शोभणारे. तरवडाचे, हिवराचे, काळ्या कुड्याचे रोप आमच्या शाळेच्या वाट्यास इतक्या वर्षांत एकदाही आले नाही. माळावर घनदाट झाडी लावणे म्हणजे माळाचा उद्धार नव्हे. नाटकात राजाची भूमिका करणाऱ्यास साडी नेसविण्यासारखे ते आहे. गवत सावलीत मरते, गवतावर जगणारे किडे, तितर, ससे निघून जातात, आणि अहवालात मात्र झाडांची संख्या वाढते. त्या शंभर एकरांत करावयाचे काम फारसे दिसणारे नाही. वेडी बाभूळ आणि गाजर गवत वर्षानुवर्षे हाताने उपटावयाचे, फुटव्यांना गुरांपासून राखावयाचे, मोडलेले ओघळ पूर्वीच्या वळणाने मोकळे करावयाचे, खरवडलेल्या जागी लगतच्याच रानातले बी टाकावयाचे आणि थांबावयाचे. त्याचे उद्घाटन करता येत नाही. अशा कामास पैसा मिळतो का आणि ते दहा वर्षे कोणी निष्ठेने करते का, यावर सारे आहे.

आमच्या शाळेपुरते आम्ही एवढे केले, की परतल्यावर शाळेच्या मागच्या कुंपणालगतचा पट्टा या वर्षी 'साफ' करावयाचा नाही, असे शिपायांस सांगितले. तेथे तीन तरवडे आणि एक बोर आधीपासूनच उभी होती. एका पालकांनी तक्रार केली, की शाळेत झुडपे माजली आहेत. त्यांचे समाधान अद्याप झालेले नाही.

हे रान पाहण्याची ज्यांना इच्छा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. विद्यापीठात परवानगीवाचून प्रवेश मिळत नाही. ती न मिळाल्यास जुबिली हिल्समधील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यानात जावे. पूर्वीच्या चिरान राजवाड्याच्या परिसरातले हे रान १९९८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि शहराच्या ऐन मध्यभागी असूनही त्यात जुन्या झुडुपी रानाची कळा टिकून आहे. फाल्गुनात पळस फुललेला पाहावा, वैशाखात कुडा आणि बहावा. सीताफळे भाद्रपद-आश्विनात तयार होतात, ती पाखरांसाठी सोडावीत. तरवड नवरात्राच्या सुमारास ऐन भरात असतो. सकाळी सहा-साडेसहास निघावे, पाणी बरोबर घ्यावे, आणि जाड विजार घालावी. धोतर मुळीच नेसू नये.